गंज दिसतो, जस्त दिसत नाही

वऱ्हाडात गंजाशी माणसाची पहिली ओळख कूलरमुळे होते. होळी जवळ आली की अकोला-अमरावतीच्या गच्च्यांवरून, जिन्यांखालून, मागच्या अंगणातून टिनाचे कूलर बाहेर निघतात. टाकीच्या तळाला भोकं पडलेली असतात, पाय सडलेले असतात, जाळीवर पांढरा खार चढलेला असतो. मग तारेचा ब्रश येतो, पॉलिश पेपर येतो, रेड ऑक्साईडचा डबा उघडतो, भोकांत एम-सील भरलं जातं आणि शेवटी सगळ्यावरून चंदेरी रंगाचा हात फिरतो. संध्याकाळपर्यंत कूलर नवा. हे काम इथल्या दहावीतल्या पोरालाही येतं. त्यामुळे जुना पिंजरा घरात आला, तर त्यात शिकण्यासारखं काही असेल असं कोणाला वाटत नाही. टिनकाम करणाऱ्या एका मिस्त्रींनी मला तेच सुनावलं होतं : "एवढं घासून काहून राह्यले भाऊ? सिल्वर मारा दोन हात, पाहा कसा चमकते."

चमकतोच. अडचण एवढीच की कूलरला कोणी चाटत नाही.

सशाचे आणि गिनीपिगचे दात जन्मभर वाढत राहतात. झिजवायला दुसरं काही मिळालं नाही की ते गज कुरतडतात. हॅम्स्टरचा तर तो रात्रीचा उद्योगच. आपल्याकडे लव्हबर्ड म्हणून विकले जाणारे बजरी पक्षी जाळीवर चढताना चोच तिसऱ्या पायासारखी वापरतात. दिवसभरात पिंजऱ्याचा जवळजवळ प्रत्येक गज त्यांच्या तोंडात जाऊन येतो. म्हणून पिंजरा दुरुस्त करायचा तो आत राहणाऱ्याच्या दातांना, चोचीला आणि तळपायांना सोसेल असा. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तो कसा दिसतो हा नंतरचा प्रश्न. पुढच्या सगळ्या पानांत मला सांगायचं आहे ते एवढंच. पण ते एकदा मनाशी पक्कं केलं की रंगाच्या दुकानातला निम्मा माल आणि आपल्या हाताच्या निम्म्या सवयी बाद होतात.

जुने पिंजरे येतात ते बहुतेक मुलांकडून. शाळेत असताना हट्टाने आणवलेली लव्हबर्डची जोडी, मग बारावी, मग पोरगं पुण्याला. पक्षी कोणाला तरी देऊन टाकले जातात, पिंजरा गच्चीवर बंद कूलरशेजारी दोन-तीन पावसाळे काढतो आणि एक दिवस कबाड्याच्या ठेल्यावर चढतो. दुसरा झरा पोल्ट्रीचा. अंड्यांच्या कोंबड्यांचे जुने पिंजरे शेडमधून निघाले की कापून जाळीच्या भावात विकले जातात आणि कोणीतरी त्यांचं सशाचं घर करतो. तिसरा प्रकार सगळ्यांत देखणा आणि सगळ्यांत निरुपयोगी : घुमटाच्या आकाराचा, वर कडी असलेला पोपटाचा गोल पिंजरा. त्याच्याबद्दल पुढे बोलतो.

या तिन्हींवरचा गंज एकाच जातीचा नसतो, आणि इथे वऱ्हाडाचं पाणी मधे येतं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा इथल्या वाचकाला सांगायची गरज नाही. दर्यापूर, भातकुलीकडची बोअरची चव ज्याने घेतली आहे त्याला तो नकाशाशिवाय कळतो. त्या भागात माणसांच्या मूत्रपिंडांचा प्रश्न इतका गंभीर आहे की पिंजऱ्याची गोष्ट काढताना संकोच वाटतो. पण लोखंडालाही ते पाणी भोवतं. गंज चढायला हवा आणि ओलावा पुरतो. त्यात क्लोराईडचे क्षार मिसळले की काम झपाट्याने होतं, कारण क्षारांमुळे पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया मुळात विजेचीच आहे. शिवाय क्षार गंजाच्या खड्ड्यांत दडून बसतात. वरून घासून लख्ख केलेला गज महिनाभरात पुन्हा तांबूस होतो तो यामुळे. लोकांना वाटतं रंग कच्चा होता. रंगाखाली मीठ होतं.

म्हणून पिंजरा धुण्याआधी पाणी कोणतं आहे ते पाहावं. अकोला शहराला महानच्या काटेपूर्णा धरणाचं आणि अमरावतीला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं. ते नळाचं पाणी चालेल. बोअरचं पाणी पहिल्या धुण्याला वापरा, शेवटच्या धुण्याला नको. आणि आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी, जे काटकसरीच्या घरांत बादलीत साठवून फरशी पुसायला वापरतात, ते पिंजऱ्याला अजिबात लावू नये. गाळून काढलेला सगळा खार त्यातच असतो. मे महिन्यात ससा गारव्याला राहावा म्हणून त्याचा पिंजरा कूलरच्या थेट तोंडासमोर ठेवला जातो. कूलरमध्ये बोअरचं पाणी असेल तर वाऱ्याबरोबर बारीक खारट तुषार गजांवर बसत राहतात. ससा गार, पिंजरा दोन उन्हाळ्यांत जुना.

आता एक धक्का. गंज हा या गोष्टीतला मुख्य खलनायक नाही. लोखंडाचा गंज थोडासा पोटात गेला म्हणून सहसा ससा किंवा बजरी विषबाधेने मरत नाही. (काही पक्ष्यांच्या यकृतात लोह साठत जाण्याचा आजार होतो, डोंगरी मैना त्यांतली एक, पण ती पाळायला कायद्याने मुळातच मनाई आहे.) गंजाचा त्रास वेगळा. खडबडीत पृष्ठभागात लघवी मुरते, तिथे जंतू वाढतात, पापुद्रे सुटतात आणि टोकं तळपायात घुसतात. हे वाईटच, पण डोळ्यांना दिसणारं वाईट आहे. धनुर्वाताचंही तसंच. तो गंजातून येतो असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं, पण त्याचे जंतू माती आणि शेणात असतात. गच्चीवर पडलेल्या पिंजऱ्यात मातीही असते आणि विष्ठाही, त्यामुळे हातमोजे घालावेत आणि खोल जखम झाली तर इंजेक्शन चुकवू नये.

खरी भीती आहे ती चमकणाऱ्या जाळीची. आपल्याकडे जीआय जाळी म्हणून जी मिळते तिच्यावर जस्ताचा लेप असतो. सुमारे ४५० अंश सेल्सिअसला वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून तो चढवतात. लोखंडाच्या दृष्टीने ही उत्तम सोय आहे, कारण जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पक्ष्याच्या दृष्टीने तेच जस्त विष. जाळीवर राहिलेले जस्ताचे थेंब आणि कण चोचीने उचकटून गिळले जातात, पोटात अडकून राहतात आणि तिथल्या आम्लात हळूहळू विरघळतात. पक्षी मलूल होतो, पाणी जास्त पितो, विष्ठा हिरवट होते, पुढे झटके येतात. नव्या जाळीत ठेवलेले पक्षी आजारी पडू लागले म्हणून परदेशातल्या पशुवैद्यकांनी या विषबाधेला नव्या तारेचा आजार असं नावच दिलं. गंमत पाहा, घरातला माणूस गंजका पिंजरा फेकून पक्ष्याच्या काळजीने नवी कोरी जाळी आणतो आणि आजार तिच्यातून येतो. जाळी जुनी झाली की जस्तावर पांढरी भुकटी धरते. तीही जस्ताचीच, बोटाला लागते, चोचीला लागते.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे : व्हिनेगर. स्वयंपाकात चालतं ते, ब्रशला लावून जाळी नीट घासायची, सुटलेले कण आणि भुकटी काढायची, भरपूर पाण्याने धुवायची, उन्हात कोरडी करायची. याने सुटं जस्त जातं, लेप जात नाही. म्हणजे धोका कमी होतो, संपत नाही. ज्याच्या घरी सतत तार चावणारा कॉकटेल आहे त्याला मी जीआय जाळी वापरूच नका असं सांगेन. बाजारातून जाळी घेताना तिचे जोडही पाहावेत. आधी जस्त चढवलेल्या तारा मागाहून जोडल्या असतील तर वेल्डिंगच्या प्रत्येक ठिपक्यापाशी लेप जळलेला असतो आणि गंजाची सुरुवात तिथून होते. अशा जाळीवर वेल्डिंगवाल्याकडून पुन्हा टाके मारून घेत असाल तर तो धूर त्याच्या आणि तुमच्या नाकात जाणार नाही हे पाहा. जस्ताच्या धुराने ताप भरतो, आणि जुन्या वेल्डरना तो अनुभवाने माहीत असतो.

जस्तानंतर शिसं. ते दोन ठिकाणी लपतं. एक जुन्या रंगात. मारुतीच्या अंगावर चढतो तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साईड. तेच द्रव्य तेलात कालवून जगभर लोखंडी पुलांना आणि जहाजांना गंजरोधक पहिला हात म्हणून लावत असत. रेड ऑक्साईडमध्ये लोखंडाचं ऑक्साईड असतं, गेरूच्या जातीचं. जुन्या पिंजऱ्यावर खाली दिसणारा नारिंगी-तांबडा थर या दोघांपैकी कोणता, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि पुढच्या वर्षी लागू झाले. त्याआधीचा कोणताही रंग संशयितच धरावा. तो कोरडा घासू नये, धूळ उडते आणि ती घरातल्या रांगत्या बाळाच्या तोंडात आधी जाते. ओला करून खरवडावा, पाणी झाडांच्या आळ्यात ओतू नये.

दुसरी जागा डाक. जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यांचे सांधे वेल्ड केलेले नसतात, त्यांना डाक दिलेला असतो आणि तो कथील-शिशाचा असतो. पोपटाच्या गोल पिंजऱ्यात तर प्रत्येक आडव्या-उभ्या तारेच्या जोडावर राखाडी मण्यासारखा ठिपका दिसतो. या ठिपक्यांमुळे आणखी एक फजिती होते. हल्ली एमआयडीसीत पावडर कोटिंग करून देणारे आहेत म्हणून कोणी हौसेने असा पिंजरा तिथे देतो. पावडर पक्की बसवायला भट्टी १८० ते २०० अंशांपर्यंत तापवतात. कथील-शिशाचा डाक साधारण १८३ अंशांपासून वितळू लागतो. भट्टीत पिंजरा जातो, बाहेर सुट्या तारा येतात. कारागिराला आधी दाखवलं असतं तर त्यानेच नको म्हटलं असतं.

वेल्ड केलेल्या पिंजऱ्याला मात्र पावडर कोटिंगइतका चांगला लेप नाही, असं माझं मत आहे. त्यात थिनर नसतो, वास मागे राहत नाही, थर जाड आणि सलग बसतो. अट एकच : आधी गंज, तेल आणि खार पूर्ण निघालेला हवा, नाहीतर लेप पापुद्र्यासारखा सुटतो आणि ससा तो आवडीने सोलतो. खर्च वाटतो तितका येत नाही. कारखान्यात खिडक्यांच्या ग्रिल किंवा खुर्च्यांची खेप लागलेली असते, तिच्याच रंगात आपला पिंजरा टांगून घ्यायचा. रंग निवडायचा हट्ट सोडला की भाव उतरतो.

गंज काढण्याच्या पद्धतींवर पुढे सविस्तर लिहिलं आहे. इथे एका गोष्टीबद्दल आधीच बजावतो, कारण ती प्रत्येक घरात बाथरूमच्या कोपऱ्यात उभी असते. कूलरच्या टाकीला 'ॲसिड मारायची' सवय असलेला माणूस तीच बाटली पिंजऱ्यावर उपडी करतो. ते हायड्रोक्लोरिक आम्ल. गंज निघतो, पण जस्ताचा लेपही निघतो, आणि मागे राहतं ते क्लोराईड, ज्याच्याशी आपली लढाई चालू आहे. त्यावर कोणी जंतू मारायला ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये हा प्रयोग जिवावर बेतू शकतो. व्हिनेगर किंवा लिंबूसत्व हळू काम करतं, पण त्याचं उरलंसुरलं सोड्याच्या पाण्याने मारता येतं आणि प्राण्याला इजा करत नाही. सशाच्या पिंजऱ्याला तर आम्लाची दुहेरी गरज आहे. सशाच्या शरीरात जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं आणि ट्रेवर पांढरा, दगडासारखा थर बसतो. साबणाने तो हलत नाही, व्हिनेगरने बुडबुडे काढत विरघळतो. तो थर न काढता केलेला कोणताही रंग फुकट.

आम्लातून काढलेलं लोखंड ओलं राहिलं तर डोळ्यांदेखत तांबूस होतं. इथे मात्र वऱ्हाडाचं ऊन आपल्या बाजूने आहे. हे काम एप्रिल-मेमध्ये करावं. ४२-४४ अंशांच्या दुपारी धुतलेली जाळी काही मिनिटांत हाडासारखी कोरडी होते. जुलैत हेच काम करणाऱ्याला शेगडी लागते.

छोट्या भागांसाठी, म्हणजे कड्या, बिजागऱ्या, दाराच्या खिट्ट्या यांच्यासाठी, दोन देशी उपाय मला आवडतात. एक हिरड्याचा. मेळघाटाच्या जंगलातला हा हिरडा कुटून उकळला की पाण्यात टॅनिन उतरतं. ते गंजावर लावलं की तांबडा रंग जाऊन निळसर काळा थर तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई आपल्याकडे याच रसायनावर चालायची, आणि गंजलेल्या लोखंडी वस्तूंच्या जतनासाठी संग्रहालयांतही टॅनिक आम्ल वापरतात. थर पातळ असतो, त्यावर काहीतरी लेप हवाच. तो लेप जवसाच्या तेलाचा. तवा तेल पिऊन काळा होतो, तसंच हेही : अगदी पातळ हात, मग ताप, मग पुन्हा हात. तेल घाणीवरचं कच्चं, खाण्याचं हवं. रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवस तेल घेऊ नका, ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची संयुगं घातलेली असतात. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि मे महिन्यातल्या अमरावतीत फडक्यांचा तो बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात बुडवावीत.

आता गोल पिंजरा. तो कबाडीत दिसला की हात थांबत नाही, मला कळतं. आजीच्या ओसरीवर टांगलेला मिठू अनेकांच्या आठवणीत आहे. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन भारतीय पक्ष्यांचा व्यापार बंद झाला. आपला राघू पकडणं, विकणं आणि पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे, मग तो कितीही लाडाने हिरवी मिरची खात असो. बजरी, कॉकटेल, फिंच हे विदेशी पक्षी पाळता येतात. त्यांच्याही बाबतीत २०११ साली गुजरात उच्च न्यायालयाने आणि २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या उडण्याच्या हक्काची बाजू उचलून धरली. मग पिंजरा दुरुस्त करायचं पुस्तक कशाला, असं कोणी विचारलं तर ते रास्त आहे. माझं उत्तर तोकडं आहे : पिंजऱ्यात जन्मलेला बजरी आज खिडकीतून सोडला तर संध्याकाळपर्यंत कावळा किंवा मांजर त्याला गाठेल. तो आहे तोवर त्याची जागा बरी असावी. नवा पक्षी आणण्यासाठी पिंजरा दुरुस्त करू नये, असलेल्यासाठी करावा.

आणि बरी जागा म्हणजे आधी मोठी जागा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यातलं ११वं कलम प्राण्याला धड हलता येणार नाही इतक्या उंची-लांबी-रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणं हीच क्रूरता मानतं. त्या मापाने गोल पिंजरा नापास आहे. त्यात पक्ष्याला सरळ रेषेत पंख मारता येत नाहीत आणि घुमटाकडे तारा जवळ येतात तिथे बोट अडकतं. तो स्वच्छ करून मनीप्लँट लावायला ठेवा. सशासाठी आणलेल्या पोल्ट्रीच्या पिंजऱ्यात दोष तळाचा. कोंबडीची अंडी घरंगळावीत म्हणून तो जाळीचा आणि उतरता असतो. त्यावर ससा राहिला की तळपाय सोलवटतात, फोड येतात, गिनीपिगचे तर सुजून पिकतात. कितीही सुरेख गंज काढा, तळाला फळी किंवा चटई नसेल तर त्या श्रमाला अर्थ नाही. गजांमधली फटही आधी मोजावी. बजरीला साधारण १२ मिलिमीटर ठीक, हॅम्स्टर मात्र त्यातून डोकं बाहेर काढतो, आणि डोकं गेलं की मागून बाकीचा हॅम्स्टरही जातो.

पुस्तकाची प्रकरणं कामाच्या क्रमाने लावली आहेत, पण त्याच क्रमाने वाचायला हवीत असं नाही. विकत घेण्याआधी काय पाहावं ते पहिल्या प्रकरणात आहे आणि ते दुकानात उभं राहून वाचण्याइतकं छोटं ठेवलं आहे. ज्यांच्या घरी आजच एखादा प्राणी गंजक्या किंवा पांढरी भुकटी धरलेल्या पिंजऱ्यात आहे त्यांनी हे सगळं बाजूला ठेवावं. ससा किंवा गिनीपिग असेल तर त्याला पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात, गवत घालून, घरातल्या सगळ्यांत गार खोलीत हलवा. पक्षी असेल तर दुसरा पिंजरा उसना आणा, आणि तो सुस्त वाटत असेल तर वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्या. अकोल्यात पदव्युत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, अकोला आणि अमरावती या दोन्ही शहरांत पशुसंवर्धन खात्याचे दवाखाने आहेत. जाताना पिंजऱ्याच्या जाळीचा एक तुकडा आणि कागदात धरलेली ताजी विष्ठा सोबत न्या. डॉक्टर आधी तेच विचारतील.